सकाळची साखर का वाढते?

रात्री साखर बेताची होती, मग सकाळी उपाशीपोटी अडीचशे कशी? इन्शुलिन घेणाऱ्यांच्या घरी हा प्रश्न नेहमीचाच. पण घाईने रात्रीचा डोस वाढवणे जिवावर बेतू शकते.

आधी दोन-तीन रात्री, तीनच्या सुमारास साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल, तर डोस जास्त होत असण्याची शक्यता असते. रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. तीनला ठीक असलेली साखर पहाटे चढते, ती संप्रेरकांमुळे. त्यांच्या प्रभावाने यकृत रक्तात साखर सोडते. रात्रभर जास्तच असेल, तर उशिराचे जेवण किंवा अपुरे इन्शुलिन हे कारण असू शकते.

रायपूरसारख्या भाताच्या मुलखात रात्रीच्या ताटातला भात मोजूनच वाढावा. तिथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हाने तापलेले इन्शुलिन निकामी होते. फ्रीज नसल्यास बाटली पाण्याच्या माठाजवळ, गारव्यात ठेवावी.

हे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावेत. डोस त्यांच्याच सल्ल्याने बदलावा.