मुलींचा संघ घडविणारी स्त्री

२४ ऑगस्ट २०१८ रोजीं जकार्ता येथें आशियाई क्रीडास्पर्धांतील महिला-कबड्डीचा अंतिम सामना झाला. एका बाजूस भारत, दुसऱ्या बाजूस इराण. आशियाई स्पर्धांत स्त्रियांची कबड्डी २०१० सालीं ग्वांगझू येथें प्रथम खेळली गेली. तेव्हांपासून तिचें सुवर्णपदक भारताखेरीज दुसऱ्या कोणाकडे गेलें नव्हतें. २०१४ सालीं इंचॉन येथें तर अंतिम सामन्यांत ह्याच इराणला भारतीय मुलींनीं ३१-२१ असें हरविलें होतें. ह्या खेपेस मात्र खेळ संपला तेव्हां फलकावर इराणचे २७ व भारताचे २४ गुण होते. आदल्याच दिवशीं, १९९० पासून प्रत्येक आशियाई सुवर्णपदक जिंकत आलेला भारतीय पुरुषांचा संघही उपांत्य सामन्यांत इराणकडून पराभूत झाला होता.

ह्या पराभवाची हळहळ सर्वत्र झाली आणि ती स्वाभाविक होती. परंतु त्या हळहळींत लपलेली एक गोष्ट हळहळीपेक्षां अधिक विचार करण्याजोगी आहे. इराणच्या विजयी मुलींना ज्यांनीं तयार केलें होतें त्या प्रशिक्षिका इराणी नव्हत्या. त्या नाशिकच्या शैलजा जैन होत्या.

खेळाडूचें नांव लोकांच्या तोंडीं बसतें. खेळ शिकविणाऱ्याचें क्वचितच बसतें. गाण्याच्या बैठकींत गवयाइतकाच त्याच्या गुरूचा उल्लेख आदरानें होतो, कुस्तींत वस्तादाचें नांव घेतल्याशिवाय मल्लाची ओळखच पुरी होत नाहीं. पण मुलींच्या मैदानी खेळांत मैदानाच्या कडेला उभी असलेली बाई कोण, हा प्रश्न सहसा कोणास सुचत नाहीं. तिचें काम तरी नेमकें काय असतें?

स्त्रियांच्या कबड्डीचें अंगण बारा मीटर लांब व आठ मीटर रुंद. प्रत्येक बाजूस सात खेळाडू, पंधरा पंधरा मिनिटांचे दोन डाव, आणि एका चढाईस अवघे तीस सेकंद. म्हणजे अर्ध्या तासाच्या खेळांत साठांहून अधिक वेळां कोणीतरी मध्यरेषा ओलांडून परक्या अंगणांत शिरतें आणि दम न सोडतां परत येण्याची खटपट करतें. पाहणाऱ्यास ही झटापट वाटते. शिकविणारीच्या दृष्टीनें तो हिशेब असतो. कोपऱ्यावरच्या मुलीनें घोटा धरावयाचा तो चढाई करणारीचें वजन कोणत्या पायावर असतांना? तिनें तो धरल्यावर शेजारणीनें किती क्षणांत येऊन आधार द्यावयाचा? एकीनें घाई केली तर दोघी बाद होतात, एकीनें उशीर केला तर पकड सुटते. दोघी हातांत हात घालून साखळी करतात, ती साखळी डोळ्यांनीं पाहून नव्हे, शेजारणीच्या हाताच्या ओढीवरून हलली पाहिजे. हें एका दिवसांत येत नाहीं. त्याच दोन मुलींनीं तीच पकड महिनोन्महिने, अंग ठणकत असतांनाही, केली तर येतें.

शिवाय गुणांचें गणित आहेच. अंगणांत तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असतां केलेल्या पकडीस, जिला आपल्याकडे अव्वल पकड म्हणतात, एकाऐवजीं दोन गुण मिळतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरींत गुण आणलाच पाहिजे, नाहीं तर चढाई करणारी बाद. सगळा संघ बाद झाला तर लोण चढतो व समोरच्यास दोन गुण अधिक मिळतात. तेव्हां तीन गुणांनीं गमावलेला सामना म्हणजे काय? एक अव्वल पकड आणि एक साधा स्पर्श, एवढेंच अंतर. असलें अंतर केवळ अंगच्या बळानें भरून निघत नाहीं. कोणत्या क्षणीं धाडस करावें आणि कोणत्या क्षणीं नुसतें मागें सरावें, ह्याची संवय जिनें लावली तिच्या मेहनतीनें तें भरून निघतें.

शैलजाबाईंनीं मुलींना कबड्डी शिकविण्यांत आयुष्याचीं बहुतेक वर्षें घालविलीं होतीं. भारतीय महिला संघाचें प्रशिक्षकपद आपणांस मिळावें अशी त्यांची इच्छा होती. तें मिळालें नाहीं, आणि त्याचा सल मनांत होता, हें त्यांनीं पुढें उघडपणें सांगितलें. इराणकडून आलेलें आमंत्रण त्यांनीं स्वीकारलें आणि २०१७ सालापासून त्या तेथील संघास शिकवूं लागल्या. त्या वयांत बहुतेकांचा जीव नातवंडांत आणि औषधांच्या वेळांत गुंतलेला असतो. ह्या बाई मात्र परमुलुखांत, परभाषेंत, नव्या मुलींसमोर उभ्या राहिल्या.

अडचणी लहान नव्हत्या. मुलींना त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना मुलींची. पकडीचा क्षण खुणांनीं दाखवितां येतो, पण चूक कां झाली हें खुणांनीं सांगतां येत नाहीं. म्हणून त्या फारसी शिकल्या. जेवणाचा प्रश्न होताच, कारण त्या शाकाहारी. सरावाच्या आधीं योगासनें व प्राणायाम त्यांनीं सुरू केले. कबड्डींत ह्याचें महत्त्व कोणीही समजूं शकेल. जो खेळ दमावर चालतो त्यांत श्वासावर ताबा हें भांडवलच आहे. इराणी मुली डोकें झांकून आणि पूर्ण बाह्यांच्या पोषाखांत खेळतात. त्या देशांत स्त्रियांच्या सरावाच्या जागीं पुरुषांना सहसा प्रवेश नसल्यामुळें शिकविणारी स्त्री असण्याची गरज तेथें आपोआपच उभी राहते. जी चाल एरवीं बंधन म्हणून ओळखली जाते, तिनेंच एका अनुभवी बाईस जागा मोकळी करून दिली, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे.

आपणांस शिकविण्याची कला येते हें सिद्ध करण्यासाठींच आपण तेथें गेलों, असें शैलजाबाईंनीं विजयानंतर सांगितलें. त्यावर ‘स्वदेशाविरुद्ध कशा गेल्या?’ असा प्रश्न कांहींनीं केला. तो अन्यायाचा आहे. हुतूतूचे नियम ह्या महाराष्ट्राच्या मातींत बांधले गेले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच त्या कामीं पुढाकार घेतला. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें परदेशी प्रेक्षकांना दाखविलीं, त्यांत हाही खेळ होता. इतरांनीं तो खेळावा म्हणून खटपट आपणच केली. मग इतरांनीं तो चांगला खेळावा ह्यासाठीं आपल्यांतीलच एक बाई गेली, तर त्यांत द्रोह कसला? विचारावयाचें असेल तर हें विचारावें, कीं अशा बाईस स्वदेशीं पुरेसें काम कां नव्हतें.

ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना एका सर्वस्वी निराळ्या खेळाकडे पाहणें उपयोगी पडेल. लाक्रॉस हें नांव आपल्या घरांत फारसें कोणाच्या कानावर आलेलें नसेल. लांब दांड्याच्या टोंकास जाळीची झोळी, तींत चेंडू झेलावयाचा, तसाच घेऊन पळावयाचें व समोरच्या जाळ्यांत मारावयाचा, असा हा खेळ. मूळ तो उत्तर अमेरिकेंतील आदिवासींचा. लुइसा लम्सडेन ह्या स्कॉटलंडच्या मुख्याध्यापिकेनें तो कॅनडांत पाहिला, आणि १८९० सालीं त्यांच्या सेंट लेनर्ड्स शाळेंत मुली तो खेळूं लागल्या. तेथून तो परत समुद्र ओलांडून १९२६ सालीं रोझाबेल सिंक्लेअर ह्या शिक्षिकेच्या हातून बाल्टिमोरच्या मुलींच्या शाळेंत रुजला. म्हणजे मुलींचा लाक्रॉस हा आरंभापासून शिक्षिकांनीं वाढविलेला खेळ आहे.

अमेरिकेंत १९७२ सालीं कायदा झाला कीं सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें मुलींना मुलांहून कमी लेखतां कामा नये. हा कायदा खेळांनाही लागू पडला. महाविद्यालयांत मुलींचे संघ झपाट्यानें वाढले, शिष्यवृत्त्या आल्या, प्रशिक्षकांना पगार मिळूं लागला. आणि येथेंच एक चमत्कारिक गोष्ट घडली. कायद्यापूर्वीं मुलींच्या संघांपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक संघांना स्त्रिया शिकवीत असत, बहुधा फुकट किंवा नाममात्र मानधनावर. पगार सुरू झाल्यावर पुरुषही ह्या जागांकडे वळले आणि स्त्रियांचें प्रमाण हळूहळू निम्म्याच्याही खालीं गेलें. लाक्रॉस त्याला अपवाद राहिला. त्यांत मुलींच्या संघांच्या मुख्य प्रशिक्षिका अजूनही बहुतांशीं स्त्रियाच आहेत.

सिंडी टिमचल ह्या बाईंचें उदाहरण पाहण्यासारखें आहे. १९८२ पासून त्यांनीं नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मुलींना शिकविलें, मग १९९१ पासून मेरिलँड विद्यापीठाच्या. तेथें त्यांच्या संघांनीं आठ राष्ट्रीय अजिंक्यपदें मिळविलीं, त्यांपैकीं सात १९९५ ते २००१ अशीं ओळीनें. त्यानंतर त्यांनीं अमेरिकेच्या नौदल अकादमींतील मुलींचा संघ अगदीं नव्यानें उभा केला. पांचशें सामने जिंकणारी ह्या खेळांतील पहिली प्रशिक्षिका म्हणून त्यांची नोंद आहे. नॉर्थवेस्टर्ननें मधल्या काळांत आपला संघ बंदच करून टाकला होता. २००२ सालीं तो पुन्हां मैदानांत उतरला तो केली अमोंटे हिलर ह्यांच्या हाताखालीं, आणि ह्या केलीबाई मेरिलँडला टिमचलबाईंच्याच विद्यार्थिनी. त्यांनीं विद्यापीठाच्या आवारांतच चपळ मुली हेरल्या. त्यांत पूर्वीं कधीं ती झोळीची काठी हातीं न धरलेल्याही होत्या. २००५ ते २००९ अशीं पांच अजिंक्यपदें त्या संघानें ओळीनें घेतलीं. आमच्या गायकीच्या घराण्यांत जशी परंपरा चालते तशीच ही आहे, फक्त तिला महिन्याचा पगार, ठरलेलें मैदान आणि हाताखालीं मदतनीस आहेत.

हा फरक मोठा आहे. तेथें प्रत्येक खेळाला स्वतंत्र मुख्य प्रशिक्षक असतो. आपल्या महाविद्यालयांत बहुधा एकच क्रीडा-संचालक. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, मैदानी शर्यती, बुद्धिबळ, सर्व त्याच्याच गळ्यांत. शिवाय प्रवासाच्या पावत्या, गणवेषांची खरेदी आणि अहवाल आहेतच. एकट्या माणसानें दोन मुलींच्या साखळीवर महिनोन्महिने मेहनत घ्यावी कधीं?

तरीही आपल्याकडे हें होऊंच शकत नाहीं असें म्हणण्यास जागा नाहीं. हरियाणांत गुरुग्रामच्या सरकारी महाविद्यालयांत शिकविणाऱ्या डॉ. सुनील डबास (नांव पुरुषी वाटलें तरी ह्या बाई आहेत) भारतीय महिला कबड्डी संघाच्या प्रशिक्षिका झाल्या. त्यांना २०१२ सालीं द्रोणाचार्य पुरस्कार व २०१४ सालीं पद्मश्री मिळाली. द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ सालीं सुरू झाला. तो एका स्त्रीला प्रथम मिळण्यास २००२ साल उजाडावें लागलें, आणि ती मैदानी खेळांच्या प्रशिक्षिका रेणू कोहली ह्यांना मिळाला. गुरूच्या नांवाच्या ह्या पुरस्कारास पहिली स्त्री-गुरू सांपडण्यास सतरा वर्षें लागलीं!

आतां हा विषय एखाद्या लहान गांवाच्या मापानें मोजून पाहूं. भंडारा जिल्ह्यांतील वरठी घ्या. भंडारा रोड हें हावडा-नागपूर मार्गावरील रेल्वेस्थानक वास्तविक वरठीस आहे. भंडारा शहर तेथून चांगलें लांब पडतें. भोंवतालीं धानाचीं शेतें, जवळच लोखंडाचा कारखाना. धान कापून झालें, दिवाळी सरली कीं ह्या झाडीपट्टींत गांवोगांव मंडई भरते, नाटकें होतात, आणि ह्याच हिंवाळ्यांत कबड्डीचे सामनेही रंगतात. अंगण आंखावयास चुना आणि मोकळी जमीन एवढेंच लागतें, म्हणून हा खेळ गरिबाच्या दारींही पोंचतो. मुलगी शाळेच्या संघांत येते, तालुक्यापर्यंत, क्वचित् जिल्ह्यापर्यंत जाते. आणि मग दहावी-बारावीस खेळ सुटतो. कां, तें घरोघर ठाऊक आहे: सराव संध्याकाळीं संपतो, बरोबर यावयास कोणी नसतें, आणि शिकविणारा बहुधा पुरुष असतो. ह्या तिसऱ्या कारणाचा उच्चार कोणी मोठ्यानें करीत नाहीं. पण आईबापांच्या नकारांत तें असतें, आणि शिकविणारी बाई असली तर पहिल्या दोन कारणांचेंही निम्में बळ जातें.

अशा मुलीस पुढें हाच व्यवसाय करावासा वाटला तर वाट आहे. वरठीहून नागपूर आगगाडीनें साठएक किलोमीटर. पुढें बडनेऱ्यास उतरून अमरावती, जेथें १९१४ सालीं वैद्य बंधूंनीं स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें शारीरिक शिक्षणाचें महाविद्यालय आहे. शारीरिक शिक्षणाची पदवी, मग पदव्युत्तर पदवी, नंतर महाविद्यालयीन पदासाठीं नेट किंवा सेट परीक्षा. त्या पदाकरितां धांवण्याची कसोटीही द्यावी लागते, स्त्रियांनासुद्धां. एकाच खेळाची प्रशिक्षिका व्हावयाचें असेल तर पतियाळा येथें १९६१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे.

मात्र पतियाळाच्या दारांत नुसती हौस चालत नाहीं. खेळाडू म्हणून केलेल्या कामगिरीचा दाखला मागतात. तो मिळावयाचा तर निदान विद्यापीठाच्या संघांत जागा मिळविली पाहिजे. विद्यापीठाच्या संघांत जाण्यासाठीं महाविद्यालयांत सराव पाहिजे, आणि सराव व्हावयाचा तर तो घेणारी कोणी पाहिजे. म्हणजे पुढची प्रशिक्षिका हवी असेल तर आधींची प्रशिक्षिका हवी. मेरिलँडला हें चक्र एका शिक्षिकेच्या पगारानें फिरूं लागलें. इराणनें तें नाशिकहून बाई नेऊन फिरविलें. भारतीय मुलींनीं ७ ऑक्टोबर २०२३ रोजीं हांगझौ येथें चिनी तैपेईस २६-२५ असें एका गुणानें हरवून सुवर्णपदक परत आणलें, आणि तें त्या स्पर्धांतील भारताचें शंभरावें पदक ठरलें. त्या एका गुणाच्या विजयाचे फोटो वरठीच्या शाळेंतल्या मुलींनींही पाहिले असतील. त्यांच्यापैकीं कोणाला संध्याकाळीं सहा वाजतां मैदानावर थांबतां येईल, हें तेथें त्या वेळीं कोण उभें आहे ह्यावर ठरेल.