दोणभर भात आणि नाळीभर भात : आरोग्याचा धम्मविचार

धम्मपदातील सुखवग्गात २०३ आणि २०४ या क्रमांकांच्या दोन गाथा शेजारी शेजारी आहेत. पहिलीत भुकेला सर्वांत मोठा रोग म्हटले आहे आणि दुसरीत आरोग्याला सर्वांत मोठा लाभ. धम्मपदाच्या अट्ठकथेने या दोन्ही गाथांमागील प्रसंग सांगितले आहेत. पहिला प्रसंग आळवी नगरीतील आहे. तेथील एका गरीब शेतकऱ्याचा बैल हरवला होता. त्याच्या शोधात दिवसभर रान तुडवून तो उपाशीपोटी धम्मसभेत आला. तथागत त्याच्यासाठीच थांबले होते. त्यांनी उपदेशाला आरंभ केला नाही. उरलेले अन्न आहे काय, अशी विचारणा करून आधी त्याला जेवू घातले. त्याची भूक शमल्यावरच धम्म सांगितला. दुसरा प्रसंग कोसलनरेश पसेनदीचा आहे. त्याचे दुखणे उपासमारीचे नव्हते, अतिभोजनाचे होते. त्याला तथागतांनी मात्रेचा उपदेश केला.

आरोग्याविषयी लिहिताना या दोन प्रसंगांचा क्रम विसरता येत नाही. भुकेल्याला आधी अन्न आणि अतितृप्ताला मात्रेची जाणीव, असा हा क्रम आहे. आज आपल्या समाजात हे दोघेही पुष्कळदा एकाच घरात आढळतात. म्हणून वजन, व्यायाम आणि घरगुती औषधे यांचा विचार या दोन्ही गाथा समोर ठेवून करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

दोणपाक सुत्तातील राजा

संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात दोणपाक सुत्त आहे. दोण हे धान्याचे मोठे माप. राजा पसेनदी एका वेळी दोणभर तांदळाचा भात खात असे. असाच एकदा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांच्या भेटीस आला. त्याची अवस्था पाहून भगवंतांनी एक छोटी गाथा म्हटली. तिचा आशय असा की, जो सदा जागरूक राहतो आणि मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना क्षीण होतात, अन्न सावकाश पचते आणि आयुष्य राखले जाते.

त्या वेळी सुदस्सन नावाचा एक तरुण राजाच्या मागे उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करून रोज भोजनाच्या वेळी म्हणण्यास सांगितले आणि त्याबद्दल दररोज १०० कहापण देण्याचे ठरविले. राजाचा आहार हळूहळू कमी होत गेला आणि अखेर नाळीभर भातावर येऊन स्थिरावला. नाळी हे दोणाच्या मानाने कितीतरी लहान माप. शरीर हलके झाल्यावर राजाने आपल्या अंगावरून हात फिरवीत भगवंतांविषयी कृतज्ञता व्यक्त केली.

अट्ठकथेत या कथेचा तपशील आणखी उपयुक्त आहे. राजाने शेवटचा घास ताटात ठेवावा, त्यातील शिते मोजावीत आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच तांदूळ कमी शिजवावेत, अशी ती योजना होती. आधुनिक आहारशास्त्र यापेक्षा फार वेगळे काही सांगत नाही. एका दिवसात निम्मे अन्न सोडणारा मनुष्य आठवड्याभरात पूर्ववत जेवू लागतो. रोज एक घास सोडणारा मात्र टिकतो. येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात : स्मरण करून देणारा सोबती, मोजमाप आणि क्रमाक्रमाने केलेली घट. राजाला उपाशी राहण्यास कोणी सांगितले नाही. स्वतः कठोर देहदंडन करून पाहिलेल्या आणि ते निष्फळ म्हणून सोडून दिलेल्या तथागतांकडून तसा उपदेश संभवतही नव्हता.

भुकेचा वारसा

आपल्या समाजाचे अन्नाशी असलेले नाते साधे नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागून आणणे सोडा, असे आवाहन केले. ताटात काय असावे हा प्रश्न आपल्याकडे प्रथम स्वाभिमानाचा प्रश्न म्हणून आला. पुढे १९७२ च्या दुष्काळात आपल्या लोकांनी खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले. माझे वडील त्यांतील एक. नंतर घरात पगार आला, गव्हाची पोळी आली, दोन वेळचा गोड चहा आला. ताटात भाकरीचा तुकडा राहिलेला वडिलांना अखेरपर्यंत सहन झाला नाही. स्वतःचे पोट भरलेले असले तरी तो तुकडा ते खात. शेवटी मधुमेहाने त्यांची दृष्टी नेली. भुकेपासून वाचलेला माणूस भरल्या ताटाने आजारी पडला, हे मी घरात पाहिले आहे. म्हणून सुटलेल्या पोटाची थट्टा करणाऱ्यांत मी बसत नाही. त्या पोटामागे इतिहास आहे.

या इतिहासाला वैद्यकीय बाजूही आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास करीत आहेत. तेथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील बाळांशी केली असता, आपली बाळे वजनाने पुष्कळ कमी, स्नायूंनी बारीक, परंतु त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली आढळली. गर्भात आणि बालपणी पोषण कमी मिळालेल्या शरीराला पुढे मुबलक अन्न व बैठे काम मिळाले, की मधुमेहाचा धोका वाढतो. म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर, अशी इतरांपेक्षा कमी मानली जाते. हातपाय बारीक आणि पोट पुढे आलेले, अशा व्यक्तीने वजनकाट्याइतकाच मोजपट्टीवरही विश्वास ठेवावा.

याला कोणी दैव म्हणेल, कोणी पूर्वजन्मीचे फळ म्हणेल. संयुत्तनिकायातील सीवक सुत्तात भगवंतांनी हा समज स्पष्टपणे नाकारला आहे. वेदनांची आठ कारणे तेथे सांगितली आहेत आणि कर्मफळ हे त्यांतील केवळ एक आहे. पित्त, कफ, वात, त्यांचे मिश्रण, ऋतूतील बदल, आघात यांच्याबरोबर विषम परिहार, म्हणजे शरीराची अयोग्य देखभाल, हेही एक कारण आहे. जे देखभालीतून बिघडते ते देखभालीने सुधारण्यास वाव असतो. धम्माची बुद्धिनिष्ठा ती हीच.

चंकम : चालण्याचा विनय

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात वैशालीचा एक प्रसंग आहे. तेथे उपासकांनी आळीपाळीने उत्तमोत्तम भोजने दिल्यामुळे भिक्खूंची शरीरे जड झाली आणि ते वारंवार आजारी पडू लागले. राजवैद्य जीवकाने हे पाहिले. त्याने भगवंतांना विनंती केली, ती औषधाची नव्हती. चालण्यासाठी चंकमपथ आणि घाम काढण्यासाठी जंताघर, म्हणजे उष्ण स्नानगृह, यांस अनुमती द्यावी, अशी ती विनंती होती. ती मान्य झाली. तक्षशिलेत शिकलेल्या, असंख्य वनस्पती जाणणाऱ्या वैद्याने अतिभोजनाच्या आजारावर प्रथम चालणे सुचवावे, हे विचार करण्यासारखे आहे.

अंगुत्तरनिकायात चंकमाचे पाच लाभ सांगितले आहेत : प्रवासाची ताकद येते, श्रम करण्याची क्षमता वाढते, आरोग्य राहते, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली चित्ताची एकाग्रता दीर्घकाळ टिकते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे आठवड्यातील पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका वेग असावा. अमेरिकेत झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींनी वजन ७ टक्के घटविण्याचे आणि एवढाच व्यायाम करण्याचे ध्येय ठेवले होते. त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी आढळले. ८० किलो वजनाच्या माणसासाठी ७ टक्के म्हणजे सुमारे साडेपाच किलो. एवढे वजन सहा महिन्यांत सावकाश कमी करता येते. त्यासाठी व्यायामशाळेची वर्गणी लागत नाही.

हिरडा, बेहडा, आवळा : औषधींची मर्यादा

महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात औषधींची मोठी यादी आहे. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, वाळा आणि नागरमोथा. पानांमध्ये कडुनिंब आणि तुळस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा आणि आवळा. यांतील बहुतेक वस्तू आजही आपल्या घरात किंवा गावच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. ही परंपरा आपली आहे, याचा अभिमान असावा. परंतु त्या यादीसोबतचा नियमही वाचावा. भिक्खूने ही औषधे आजन्म जवळ बाळगावीत, पण कारण असेल तेव्हाच घ्यावीत. विनाकारण घेतल्यास तो दोष मानला आहे. चांगल्या रुग्णाची जी लक्षणे महावग्गात दिली आहेत, त्यांत हितकर वस्तूचीही मात्रा जाणणे हे एक आहे.

या कसोटीवर प्रचलित उपाय तपासून पाहू. आवळ्यात क जीवनसत्त्व विपुल असते. तो जरूर खावा. हिरडा पोट साफ करण्यास मदत करतो, पण पोट साफ होणे म्हणजे चरबी वितळणे नव्हे. मेथीदाण्यांतील तंतू जेवणानंतरची साखर सावकाश चढू देतात; ते आहाराला पूरक आहेत, गोळीला पर्याय नाहीत. कोमट पाण्यातील लिंबू-मधाने वजन घटत नाही. मध ही साखरच आहे. गुळाचेही तसेच. साखर सोडून तेवढाच गूळ घेणाऱ्याने काहीही सोडलेले नसते. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी कोणाच्या तरी काढ्यावर विसंबून मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाची जखम चिघळली आणि अंगठा काढावा लागला. औषधी वनस्पती निर्दोष होती. तिच्याकडून केलेली अपेक्षा चुकीची होती. जे काही घेतो ते आपल्या डॉक्टरांना खरेखरे सांगावे. आजाराची स्थिती न लपविता सांगणे हेही चांगल्या रुग्णाचे लक्षण म्हणून महावग्गात नोंदलेले आहे.

नित्याचा क्रम

१. ताटाचा अर्धा भाग पालेभाजी, फळभाजी व कोशिंबिरीने भरावा. पाव भागात भाकरी किंवा भात आणि पाव भागात डाळ, उसळ, अंडे किंवा मासे. शेवगा, अंबाडी, मटकी, जवसाची चटणी हे आपल्या शिवारातील अन्न महागड्या पाकिटापेक्षा हितकर आहे.

२. चहा मोजावा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर, १६० उष्मांक. तेवढे खर्च करण्यास साधारण पाऊण तास चालावे लागते. पसेनदीप्रमाणे दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करावा.

३. अन्न वाया जाऊ नये म्हणून पोटात घालू नये; कमी शिजवावे. हे विशेषतः घरातील माता-भगिनींसाठी. सर्वांच्या मागून उरलेले संपविणे हा त्यांचा धर्म नव्हे. त्यांनीही सर्वांबरोबर ताजे जेवावे.

४. रात्रीचे जेवण लवकर व हलके असावे. भिक्खूंचे विकालभोजन तथागतांनी एकदम बंद केले नाही. आधी दिवसाचे अवेळी भोजन सोडावयास सांगितले, नंतर रात्रीचे. पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्या मधुमेही उपासकांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच विकालभोजन वर्ज्य करावे. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहणे घातक ठरू शकते.

५. महिन्यातून एकदा कमरेचा घेर मोजून वहीत लिहावा. चाळिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब व रक्तातील साखर तपासावी.

वसतिगृहातील मुलांसाठी

वर सांगितलेला मात्रेचा उपदेश पसेनदीसाठी आहे; वसतिगृहातील मुलांसाठी आळवीचा प्रसंग आहे. वाढत्या वयातील मुलांनी वजन कमी करण्याच्या नादी लागू नये आणि त्यांच्या ताटावर कोणी मर्यादाही घालू नये. त्यांना पोटभर भाकरी, डाळ, अंडे, शेंगदाणे आणि हिरवी भाजी मिळाली पाहिजे आणि रोज किमान एक तास मैदान मिळाले पाहिजे. मुलींच्या हिमोग्लोबिनकडे विशेष लक्ष हवे. त्यांच्यापासून दूर ठेवायचे ते पाकीटबंद कुरकुरीत पदार्थ आणि रंगीत गोड पेये. नव्याने वसतिगृहात आलेले मूल कधी कधी ताटात गरजेहून अधिक वाढून घेते, भाकरी खिशात ठेवते. अशा वेळी त्याला रागावू नये. उद्याही अन्न मिळणार आहे, हा विश्वास त्याच्या मनात रुजण्यास काही महिने लागतात. तो रुजला की मात्रा आपोआप येते.

आपल्या भोजनगृहात रोज पंगत बसते. एका ओळीत भुकेली मुले, दुसऱ्या ओळीत आम्ही पन्नाशीचे शिक्षक. वाढणाऱ्याच्या हातातील पळी तीच असते. मुलांच्या ताटात ती भरून पडावी आणि आमच्या ताटावर येताच आम्ही हात आडवा करावा. दोन गाथांचे आचरण एवढ्याने सुरू होते.

जय भीम! नमो बुद्धाय!