एस-नायट्रोसोथायॉलपासून नायट्रिक ऑक्साइड: तांबे नेमके काय करते?

दिल्लीतील आनंद विहार किंवा आयटीओ येथील हवामापन केंद्राच्या नोंदी पाहा. प्रदूषकांत तुम्हाला नायट्रिक ऑक्साइड दिसेल. वाहनांच्या धुरातला हाच वायू आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातही अत्यल्प प्रमाणात तयार होतो. तो रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तबिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. शरीरातील या कार्याच्या शोधासाठी फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तात मुक्त नायट्रिक ऑक्साइड टिकत नाही. हिमोग्लोबिनशी त्याची लगेच अभिक्रिया होते. मात्र ग्लुटाथायोन किंवा अल्ब्युमिन यांच्यातील गंधकाच्या अणूला जोडलेला नायट्रोसो गट बराच टिकतो. अशा संयुगांना एस-नायट्रोसोथायॉल म्हणतात. मग गंधक-नायट्रोजन बंध तुटतो कसा?

नायट्रोसोग्लुटाथायोनच्या गुलाबी द्रावणात क्युप्रिक लवण किंचित टाकले, की रंग फिका होऊ लागतो. म्हणून ‘क्युप्रिक आयन हाच उत्प्रेरक’ असे लिहून मोकळे होऊ नका. त्यात निओक्युप्रॉइन मिसळले, तर अभिक्रिया जवळजवळ थांबते. निओक्युप्रॉइन क्युप्रस आयनाला घट्ट धरून ठेवते. म्हणजे बंध तोडणारा आयन क्युप्रस आहे.

अभिक्रियेच्या दोन पायऱ्या अशा:

१. द्रावणात अल्प प्रमाणात असलेला थायोलेट क्युप्रिक आयनाचे क्षपण करतो. क्युप्रस आयन मिळतो आणि थायोलेटचे डायसल्फाइड होते.

२. क्युप्रस आयन नायट्रोसोथायॉलला एक इलेक्ट्रॉन देतो. बंध तुटून नायट्रिक ऑक्साइड आणि थायोलेट सुटतात. तांबे पुन्हा क्युप्रिक होते.

हा थायोलेट पुन्हा पहिल्या पायरीला उपयोगी पडतो. एकूण हिशेब: नायट्रोसोथायॉलच्या २ रेणूंपासून नायट्रिक ऑक्साइडचे २ आणि डायसल्फाइडचा १ रेणू. तांबे खर्च होत नाही, म्हणून ते लेशमात्र पुरते.

याचा उपयोग काय? रक्तवाहिनीत घातलेल्या नळीवर गुठळी धरते. मिशिगन विद्यापीठात मार्क मायरहॉफ यांच्या गटाने तांबे असलेली बहुवारिके वापरून रक्तातील नायट्रोसोथायॉलपासूनच नळीच्या पृष्ठभागावर नायट्रिक ऑक्साइड मिळवण्याचा मार्ग अभ्यासला.

प्रयोगशाळेत मात्र हेच तांबे त्रास देते. पाण्यातील त्याचा अंशही नमुना बिघडवतो. म्हणून द्रावणात ईडीटीए घालतात आणि प्रकाशानेही विघटन होत असल्याने नळी अंधारात ठेवतात.

स्वतः तपासा: ईडीटीए क्युप्रिक आयनाला बांधते, निओक्युप्रॉइन क्युप्रस आयनाला. प्रत्येकाने चक्र कोणत्या पायरीवर अडते?