पपनसाच्या बीचा हट्ट

ऐका रे पोरांनो. गणपतीच्या डोक्यावरच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, नारळ-सुपारीबरोबर टांगतात ते थोराड, हिरवट-पिवळं फळ म्हणजे पपनस. लिंबाच्या घराण्यात याच्याहून मोठं फळ नाही. किलो-दीड किलोचं सहज भरतं.

आता याची खोड ऐका. आपल्या परसातलं पपनस आतून गुलाबी नि गोड. म्हणून त्याची बी लावावी, आठेक वर्षं वाट पाहावी, तर फळ निघतं पांढरं आणि आंबटढाण! चूक माळ्याची नाही. पपनसाच्या फुलाला स्वतःच्याच झाडाचा पराग चालत नाही. मधमाशी दुसऱ्या झाडाचा पराग आणते तेव्हा बी धरते. म्हणजे आई ठाऊक, बाप कोण ते माशीलाच माहीत! हीच बी दुसऱ्या कुठल्याही गावी नेऊन लावलीत, तरी तिथे उगवेल ते नवंच पपनस.

कागदी लिंबाचं तसं नाही. त्याची बी कुंडीत पेरून पाहा. एकाच बीतून पुष्कळदा दोन-तीन रोपं डोकावतात. त्यातली बहुतेक बापाच्या वाट्याशिवाय, आईच्याच पेशींतून घडलेली, म्हणून हुबेहूब आईसारखी. पपनसाच्या बीतून मात्र एकच रोप येतं, आणि ते आईची नक्कल करत नाही.

हा हट्ट नसता तर मोसंबी तरी कुठून आली असती? २०१८ साली शास्त्रज्ञांनी या घराण्यातल्या साठ झाडांचे जनुकसंच तपासले. मूळ घर सापडलं आसाम, म्यानमार आणि चीनचा युनान प्रांत यांच्या मधल्या हिमालयाच्या पायथ्याशी, सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वीचं. पपनस आणि रानसंत्रं यांच्या संकरातून मोसंबीचं कूळ निघालं. आपण खातो त्या बहुतेक संत्र्यांतही पपनसाचा थोडा अंश आहेच. पुढे अठराव्या शतकात बार्बाडोस बेटावर पपनस आणि मोसंबीच्या कुळातलं फळ यांची गाठ पडली आणि ग्रेपफ्रूट जन्मलं.

या नात्याची खूण पाहायचीय? पपनसाचं पान तोडा. देठालाच रुंद पंख फुटलेला. एका पानाखाली दुसरं छोटं पान जोडल्यासारखा. मोसंबीच्या देठाला तोच पंख, पण अरुंद. संत्र्याला जेमतेम रेघ.

आता चव. फळ उतरवल्यावर लगेच कापू नका. साल जराशी सुरकुतू द्या, आंबटपणा उतरतो. मग जाड साल काढा, आतला पांढरा कापूस काढा आणि प्रत्येक फोडीवरचं पातळ कातडंही सोला. नारिंजिन नावाचा कडू पदार्थ तिथेच जास्त असतो. राहतात त्या टपोऱ्या, सुट्ट्या रसाच्या पिशव्या. त्या गुलाबी असतील तर तो रंग टोमॅटोतल्याच लायकोपीनचा.

गोड झाड हातचं जाऊ द्यायचं नसेल, तर पावसाळ्यात गुटी बांधा. पेन्सिलीएवढ्या फांदीची बोटभर साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून प्लास्टिकने घट्ट बांधायचं. मुळं दिसली की फांदी कापून लावायची. ते रोप म्हणजे आईच, आणि बीच्या रोपाआधी फळतंही.

पण एखादी बीही पेराच. आंबट निघालं तर मीठ-साखर आहेच. गोड निघालं तर ती जात जगात फक्त आपल्याच परसात असेल!