रायपूरच्या उन्हाळ्यात गेमिंग कन्सोल थंड कसा ठेवाल?

मे महिन्यात रायपूरचा पारा ४४ अंशांच्या घरात जातो. नेमकी तेव्हाच मुलांना सुट्टी असते आणि कन्सोल तासन्‌तास चालतो. फॅनचा आवाज वाढतो, स्क्रीनवर मशीन गरम झाल्याचा इशारा येतो आणि रंगात आलेला गेम बंद पडतो. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ आला, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. इतकी महाग वस्तू उष्णतेने बिघडली तर घरच्या बजेटलाच झळ बसते.

कन्सोल गरम का होतो?

मोठा गेम चालू असताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट वीज घेतो आणि त्या विजेची शेवटी उष्णताच होते. आतला फॅन खोलीतली हवा ओढून धातूच्या पातळ पट्ट्यांवरून फिरवतो आणि मागून बाहेर टाकतो. म्हणजे खोलीच तापलेली असेल तर फॅन तरी काय करणार? कंपनीने वापरासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगितले आहे. त्यामुळे दुपारी बंद, तापलेल्या खोलीत खेळणे टाळा. सकाळी किंवा रात्री खेळा.

जागा बदला

कन्सोल टीव्हीच्या बंद कपाटात किंवा गालिच्यावर ठेवू नका. भिंतीपासून किमान १० सेंटिमीटर अंतर ठेवा. कूलरने खोली जरूर थंड करा, पण त्याच्या थेट झोतात कन्सोल नको. ओलसर हवा आणि पाण्याचे तुषार सर्किटला घातक ठरतात.

धूळ काढा

उरला-सिलतरा भागातल्या कारखान्यांची काळी धूळ रायपूरकरांना नवी नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसते तीच धूळ फॅनमध्येही साचते. प्लग काढून महिन्यातून एकदा जाळ्या मऊ ब्रशने साफ करा. प्लेस्टेशन ५ चे बाजूचे झाकण हाताने निघते. आत धूळ साठण्यासाठी छिद्रे दिलेली आहेत, ती व्हॅक्यूम क्लीनरने हलक्या हाताने साफ करा.

आत हात घालण्याआधी

चिपची उष्णता धातूच्या पट्ट्यांपर्यंत नेणारी थर्मल पेस्ट जुन्या कन्सोलमध्ये काही वर्षांनी सुकते. ती जाणकार मेकॅनिककडून बदलून घ्या. प्लेस्टेशन ५ मध्ये मात्र पेस्टऐवजी लिक्विड मेटल असते. त्यातून वीज वाहते, त्यामुळे एक थेंब चुकीच्या जागी सांडला तरी शॉर्टसर्किट होऊ शकते. मोबाइलवर व्हिडिओ पाहून घरी हा प्रयोग करू नका. वॉरंटी असेल तर आधी सर्व्हिस सेंटर गाठा.

उष्णतेचा फटका कंपन्यांनाही बसला आहे. एक्सबॉक्स ३६० मधल्या बिघाडांमुळे मायक्रोसॉफ्टला २००७ मध्ये वॉरंटी ३ वर्षांची करावी लागली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढावी लागली. त्या मानाने आपला उपाय स्वस्त आहे: मोकळी जागा, साफ जाळी आणि दुपारची विश्रांती. ही विश्रांती मुलांच्या डोळ्यांनाही हवीच असते!