खाट रिकामी कधी होते?

13 ऑगस्ट 2023, रविवार. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात चोवीस तासांत 18 मृत्यू झाल्याची बातमी आली. ठाणे पालिकेने दिलेल्या माहितीत सहा जण ठाण्याचे होते, चौघे कल्याणचे, तिघे शहापूरचे. त्यात नव्या इमारतीसाठी ठाण्याचं सिव्हिल रुग्णालय हलवलेलं, म्हणून तिथले रुग्णही कळव्याकडे वळलेले. डॉक्टर कमी पडले की निष्काळजी होते, यावर रान उठलं. पण एक दवाखाना हलला की त्याचे रुग्ण कुठे जाणार, याचा हिशेब आधी कोणी मांडायचा?

तो मांडायला शिकवणारी पदव्युत्तर पदवी आहे आणि डोंबिवलीकराला ती लोकलच्या पासात मिळते. कुर्ल्याला उतरायचं, हार्बर पकडून गोवंडी, पुढे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे 'टिस'. 1936 साली समाजकार्याचं शिक्षण देण्यासाठी सुरू झालेल्या या संस्थेने रुग्णालय प्रशासनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रमही रुजवला. डॉक्टरच हवा असं नाही. बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी करून दवाखाना थाटण्याऐवजी इकडे वळणारे पुष्कळ.

शिकवतात काय? साथरोगशास्त्र, आरोग्याचं अर्थशास्त्र, कायदे. पण खरी गंमत भांडारात आहे. औषधांना दोन चाळण्या लावतात. पहिली पैशाची: कशावर किती खर्च होतो. दुसरी जिवाची: हे नसेल तर रुग्ण दगावेल, अडेल की चालून जाईल? अॅड्रेनलिनचं इंजेक्शन पहिल्या चाळणीत तळाला जातं, दुसरीत सगळ्यांच्या वर. फक्त बिलं बघणाऱ्याला हे दिसत नाही.

दुसरा हिशेब खाटांचा. कळव्यात खाटा पाचशे. समजा, रुग्ण सरासरी पाच दिवस राहतो. मग रोज शंभरच नवे घेता येतात. मुक्काम चारावर आला तर सव्वाशे. एक वीट न रचता पंचवीस जणांची सोय! आणि मुक्काम लांबतो तो बऱ्याचदा आजाराने नव्हे, तर रिपोर्ट आला नाही, डिस्चार्जच्या कागदावर सही राहिली, घरचं माणूस संध्याकाळीच येणार, अशा कारणांनी.

अशी घडी बसवता येते, हे कल्याण-डोंबिवलीने करोनात दाखवलं. पालिकेची स्वतःची आरोग्ययंत्रणा तोकडी. पण तेव्हाचे आयुक्त विजय सूर्यवंशी स्वतः डॉक्टर. खासगी डॉक्टरांना सोबत घेऊन 'डॉक्टर आर्मी' उभी राहिली. केंद्राच्या स्मार्ट सिटी पुरस्कारांत 2020 सालचा कोविड नवकल्पना पुरस्कार या शहराला वाराणसीसोबत विभागून मिळाला. आयुक्त डॉक्टर निघाला हा मात्र योगायोग. एरवी पालिकेच्या रुग्णालयाचा कारभार सहसा एखाद्या ज्येष्ठ डॉक्टरच्या गळ्यात पडतो. ओपीडी, ऑपरेशनं सांभाळून निविदाही त्यानेच वाचायच्या. हा अभ्यासक्रम केलेली मुलं कॉर्पोरेट रुग्णालयं उचलतात, आणि त्यात मुलांचा दोष नाही. कल्याण-डोंबिवली पालिकेच्या रुक्मिणीबाई किंवा शास्त्रीनगर रुग्णालयात त्यांच्यासाठी पगाराची जागा काढा, मग बघू कोण येत नाही ते.