‘गुन्हा कबूल’ म्हटल्यानंतरचे अपील

खालच्या कोर्टाच्या निकालाची नक्कल हातात पडली, की अपिलाचे काम करणारा वकील आधी ती उलटी धरतो. शेवटच्या पानाच्या मागे शिक्का असतो आणि त्यात तारखा: नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. दंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात जायला ३० दिवस मिळतात आणि नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात. मुदत उलटली असेल तर अपिलाबरोबर विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो, म्हणून निकाल वाचण्याआधी हा हिशेब.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात वाहतुकीच्या खटल्यांची अपिले चालवणाऱ्या एका वकीलबाईंच्या टेबलासमोर एक टेम्पोचालक बसला आहे. भाजी मार्केटचा माल वाहणारा. रात्रीच्या नाकाबंदीत त्याला ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकायला लावले. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असले, की मोटार वाहन कायद्याचे कलम १८५ लागते. त्याच्या स्लिपवरचा आकडा दुपटीहून मोठा होता. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हाच दंड २,००० रुपयांपर्यंत होता. कोर्टाने त्याला चार दिवस साधी कैद आणि १०,००० रुपये दंड सुनावला. शिवाय सहा महिने लायसन्स बाळगण्यास अपात्र ठरवले. दंड त्याने भरला. अपील करता यावे म्हणून त्याच कोर्टाने कैदेपुरता जामीन दिला.

“मॅडम, कबूल केलं की दंड भरून लगेच सुटतो, असं बाहेर सगळेच म्हणत होते.”

मॅडम काही न बोलता रेकॉर्डमधले एक पान काढतात. अर्धे छापील, अर्धे हाताने भरलेले. आरोप समजला का? होय. गुन्हा कबूल आहे का? होय. काही सांगायचे आहे का? ‘चूक झाली, घरात कमावता मी एकटाच, दया करावी.’ खाली त्याची सही.

अपिलाचे भवितव्य या पानावर ठरते. कबुलीवर दोषी ठरलेल्या माणसाला ‘मी दोषी नाही’ असे अपिलात म्हणता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३७५ होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ४१६ आहे. उरतात दोनच मुद्दे: शिक्षा कायद्यात बसते का आणि ती किती असावी. कबुलीच नीट घेतलेली नसेल तर मात्र तिच्यावर हल्ला करता येतो. आरोपीचे म्हणणे शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदले पाहिजे, हा नियम सोडल्याने शिक्षा टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्या दास यांच्या मद्रासमधल्या खटल्यात १९६५ मध्येच ठरवले. म्हणूनच मॅडम तिसरे उत्तर पुन्हा पुन्हा वाचतात. ‘घरात कमावता मी एकटाच’ हे कारकुनाचे वाक्य नाही, ते याचेच आहे. तो रस्ता बंद.

पलीकडच्या फायलीत वेगळे चित्र आहे. धोकादायक वाहन चालवल्याबद्दल, म्हणजे कलम १८४ खाली, दोषी ठरलेली एक स्कूटरचालक तरुणी. तिने गुन्हा नाकारला, खटला चालला, साक्षीपुरावा झाला. त्यामुळे पंचनाम्यातली प्रत्येक ओळ आणि उलटतपासणीतले प्रत्येक उत्तर सत्र न्यायाधीशांपुढे नव्याने तपासता येते. ई-चलन तडजोड शुल्क भरून मिटवले असेल तर दोषसिद्धीच नसते, मग अपील कशाचे? आणि लोकअदालतीत मिटलेल्या प्रकरणाचा निवाडा अंतिम असतो, त्याला अपील नाही.

मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अटकेतल्या व्यक्तींना तर उत्पन्न न पाहता. अपिलालाही तो मिळतो. पण टेम्पोचालकाला वकिलाची खरी गरज होती ती दंडाधिकाऱ्यांपुढे नाव पुकारले जाण्याआधी, दहा मिनिटांसाठी. ‘होय’ म्हटल्यावर काय काय हातातून जाते, हे त्याला कुणीतरी तेव्हा सांगायला हवे होते. वाहतुकीचे खटले चालतात त्या दालनाच्या दाराशीच हा सल्ला मिळाला पाहिजे.

त्याला आणखी एक धास्ती आहे: वरच्या कोर्टाने शिक्षा वाढवली तर? आरोपीने केलेल्या अपिलात ती वाढवता येत नाही, त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते. हे ऐकून तो वकीलपत्रावर सही करतो.

सुनावणी फार लांबत नाही. सरकारी वकील स्लिप दाखवतात आणि धंद्याने ड्रायव्हर असलेल्याकडून जास्त जबाबदारी अपेक्षित आहे, असे म्हणतात. मॅडमचे मुद्दे मोजके: पहिलाच गुन्हा, अपघात नाही, पहिल्याच तारखेला कबुली, दंड भरलेला. कायदा ‘कैद किंवा दंड’ म्हणतो, दोन्ही द्यायलाच हवेत असे नाही. लायसन्सचा प्रश्न त्या स्वतंत्रपणे मांडतात. कलम १८५ खाली अपात्रता किमान सहा महिन्यांची असते, त्याहून ती कमी करता येत नाही. तरी त्या पोटापाण्याचा उल्लेख करतात. न्यायाधीश विचारतात, गाडी कोणती? मालवाहू टेम्पो. रात्री भरलेला होता का? होता.

कैद रद्द झाली. दंड कायम राहिला, आणि लायसन्सचे सहा महिनेही. ते योग्यच झाले: भरलेला टेम्पो घेऊन प्यायलेला माणूस ज्या रस्त्याने जातो, त्याच रस्त्यावर इतरांचेही पोट असते.

लायसन्ससाठी हायकोर्टात जाता येईल का, असे त्याने बाहेर आल्यावर विचारले. रिव्हिजनला ९० दिवसांची मुदत आहे, मॅडम म्हणाल्या, आणि खर्चाचा अंदाज सांगितला. तिथे तारीख लागेपर्यंत सहा महिन्यांतले किती उरतील, तेही सांगितले. त्याने नको म्हटले.